गेट ते पायरी, काम प्रगतीपथावर

९ फेब्रुवारी, रविवार

आजपासून गेट ते पायरी हा रस्ता मी स्वतः हाती घेत आहे. गाडी नीट उभी राहील असा टणक रस्ता करायचा. कोणावर विसंबून राहायचं नाही. याचा प्रतिक्षाच्या मोटरसायकलशी काडीचाही संबंध नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण बायको सकाळपासून माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसते आहे आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही.

वस्तुस्थिती अशी. घर बांधताना उरलेली खडी आम्ही गेटपासून पायरीपर्यंत पसरून टाकली होती. खाली सोलापूरच्या होटगी रोडची काळी माती. चालायला ठीक, सायकलला ठीक. गेल्या महिन्यात आमची मुलगी प्रतिक्षा कुर्डुवाडीहून नवीकोरी मोटरसायकल घेऊन आली. नोकरी तिची, पगार तिचा, गाडी तिची. मी स्कूटी घे म्हणून सांगितलं होतं, ते कोण ऐकतंय! गेटातून आत आली, पुढचं चाक खडीत रुतलं आणि गाडी आडवी. मी पायरीवरून एवढंच म्हणालो की म्हणून सांगत होतो, हे पोरींचं काम नाही. यात काय चुकलं? गल्लीतले चार लोक बघत होते म्हणून खरं बोलायचं नाही का?

तिने एकटीने गाडी उचलली, वळवली आणि घरात पाऊल न टाकता परत गेली. तेव्हापासून फोन आईला करते, मला नाही. मला काही फरक पडत नाही.

१० फेब्रुवारी

ऑफिसात दिवसभर रस्त्याचाच विचार. मी बांधकाम खात्यात हेडक्लार्क. रस्त्यांच्या फायलींवर केस पांढरे झाले. जागेवर न जाता किती रस्ते पूर्ण केले याची गणती नाही. गेट ते पायरी म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ.

घरी आल्यावर ही म्हणाली, प्रतिक्षाला इचारा की. रेल्वेत तिला रुळाखालच्या खडीचंच काम हाय.

मी शांतपणे विचारलं, रेल्वेचं इंजिन काय साइड स्टँडवर उभं करतात का? ही स्वयंपाकघरात गेली. पोळ्या मात्र जरा जाड आल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

निर्णय झाला. आमच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यासमोर नदीतले पांढरे गोल गोटे टाकलेत. काय देखणं दिसतं! आपल्याकडेही तेच. ट्रॅक्टरवाला माउली ट्रॉली भरून घेऊन आला. ट्रॉली उलटी करता करता विचारतो, साहेब, हे कशाला, माशाच्या टाकीला का? वर म्हणतो, इतक्या गोट्यांत मासे नव्हे, मगर पाळता येईल. तिथेच चार शब्द सुनावणार होतो, पण गोटे अजून अर्धे ट्रॉलीत होते.

समोरचा विरुपाक्षही आला. याचं स्पेअर पार्टचं दुकान, दारात पांढरंफेक सिमेंट. उन्हाळ्यात तवा नुसता. गोटा हातात घेऊन म्हणतो, सरवदे साहेब, ह्ये गोटे हायत, खडी न्हाय. गाडी घसरंल. मत्सर. दुसरं काही नाही.

संध्याकाळपर्यंत सगळे पसरले. एक नंबर दिसतंय. ही गेटात उभी राहिली, बघितलं आणि आत गेली. कौतुक करायला जीभ जड होते काही लोकांची.

१९ फेब्रुवारी

गोट्यांवरून चालणं म्हणजे हरभऱ्याच्या राशीतून चालणं. दूधवाला आता आत येत नाही, गेटातूनच आरोळी मारतो. पेपरवाला पेपर भिरकावतो, आज तो थेट पाण्याच्या टाकीवर. सकाळी माझा स्वतःचा पाय मुरगळला. चपलेचा तळ झिजलेला होता. चप्पल बदलायची.

ऑफिसला न्यायची माझी स्कूटर गेटाबाहेरच लावतो. सवय म्हणून.

२३ फेब्रुवारी, रविवार

गोट्यांत दोष नाही. गोट्यांना धरून ठेवणारं काहीतरी हवं. मुरूम. फायलीत प्रत्येक रस्त्याला मुरूम असतोच, कालपर्यंत कसं सुचलं नाही! माउलीला फोन केला. उद्या येतो म्हणाला.

२७ फेब्रुवारी

माउली उद्या येतो म्हणाला.

१ मार्च

माउली फोन उचलतो, गोड बोलतो, हो म्हणतो आणि येत नाही. फोन न उचलणारा माणूस परवडला, त्याच्यावर निदान नीट चिडता तरी येतं. आज त्याला स्पष्ट शब्दांत सांगितलं. तो म्हणाला, बरोबर हाय साहेब, तुमच्या जागी मी असतो तर मीबी चिडलो असतो. आता यावर काय बोलायचं माणसानं?

२ मार्च, रविवार

मुरूम आला. मी अंघोळीला गेलो होतो. माउलीने सगळा ढीग बरोबर गेटात ओतला आणि पसार. गेट बंद. आत आम्ही दोघं. विरुपाक्ष त्याच्या सिमेंटवर खुर्ची टाकून बसला. दिवसभर फावडं आणि घमेलं. ही मदतीला आली, पण तिची पद्धत चुकीची. ती पायरीकडून पसरत यायची, मी गेटाकडून. मध्ये आमची गाठ पडली तेव्हा दोघांच्या मुरमाची उंची वेगळी. साहजिकच माझी बरोबर होती.

ही परत म्हणाली, आधी खालची काळी माती उपसाय पायजे होती, प्रतिक्षा म्हनत हुती.

म्हणजे माझ्या कामाची चर्चा कुर्डुवाडीपर्यंत पोचली आहे तर. खात्याची अंतर्गत बाब बाहेर गेली कशी? हिला विचारलं. ही म्हणाली, तोंडानं.

५ मार्च

मुरूम नुसता टाकून चालत नाही. पाणी मारायचं, मग दाबायचं. सोलापुरात हे सांगायला सोपं. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. त्या दिवशी बायका नळाला, पुरुष पाण्याच्या मोटारीला, सगळी गल्ली जागच्या जागी जखडलेली. त्यात मुरमाला पाणी मारतो म्हटलं तर लोक घरात घुसून मारतील.

पण डोकं चालवलं तर मार्ग असतो. आमच्याकडे पाणी साठवायचा निळा प्लास्टिकचा मोठा ड्रम आहे. नळाच्या दिवशी काठोकाठ भरायचा, झाकण घट्ट लावायचं, आडवा करायचा आणि मुरमावरून फिरवायचा. झाला रोलर. मग उभा करून तेच पाणी घरात वापरायचं. एका पाण्यात दोन कामं. हे साहेबांना सुचलं असतं तर शासनाने परिपत्रक काढलं असतं.

७ मार्च, सकाळी ८

पाणी आलं. ड्रम भरतो आहे.

७ मार्च, सकाळी ९.३०

ड्रम बनवणाऱ्या कंपनीवर केस करणार. झाकण म्हणजे झाकण असावं.

७ मार्च, संध्याकाळी

सगळं पाणी मुरमात. हिने वरून अजून दोन बादल्या माझ्या अंगावर ओतल्या नाहीत याचं कारण बादल्यांत पाणी नव्हतं. मुरमाची लापशी झाली. खालची काळी माती जागी झाली आणि फुगली. मी ड्रम धरायला गेलो तो घोट्यापर्यंत आत. पाय बाहेर आला. चप्पल अजून आत आहे. नवीच होती.

८ मार्च

महिला दिन. सुट्टीचा शनिवार, तरी ऑफिसात कार्यक्रम. स्टाफने आग्रह केला म्हणून दोन शब्द बोललो. स्त्री आज कुठल्याच क्षेत्रात मागे नाही, माझीच मुलगी रेल्वेत रुळांचं काम बघते, कुर्डुवाडीहून सोलापूरपर्यंत स्वतः मोटरसायकल चालवत येते, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. दोन जणींनी मुद्दाम येऊन हात मिळवला. चहा चांगला होता.

घरी आलो तर ही विरुपाक्षच्या बोअरवरून घागरी आणते आहे, माझ्या डोळ्यांदेखत, आणि प्रत्येक खेपेला गेटात थांबून श्वास घेते. एवढं थांबायची गरज नव्हती. मी घागर घ्यायला पुढे झालो तर म्हणाली, नगं, तुमी रुताल.

१५ मार्च

ऊन चटकायला लागलंय. लापशी वाळली, काळी माती आकसली, भेगा पडल्या. भेगांत गोटे पडले. मुरूम खाली गेला, गोटे वर आले, मधले काही गोटे कुठे गेले ते कळत नाही. विरुपाक्षने मोबाइलवर फोटो काढला. कशाला? कोणाला पाठवायचाय? विचारलं तर म्हणतो, आठवन म्हनून.

रात्री जेवताना ही सहज म्हणाली की प्रतिक्षा चौदा एप्रिलला जयंतीला येणार आहे. येऊ दे. घर तिचंच आहे, मी कधी येऊ नको म्हटलं? गाडी घेऊन येणार का, हे मी विचारलं नाही. हिने सांगितलंही नाही. पाणी प्यायच्या निमित्ताने दोनदा स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो, तरी सांगितलं नाही. संसाराची इतकी वर्षं झाली आणि माणसाला काय ऐकायचंय हे हिला कळू नये?

२२ मार्च

धुम्मस आणलं. लोखंडी पाया, वर दांडा. उचलायचं आणि आपटायचं, जमीन बसत जाते. मी गेटापासून सुरुवात केली. गोट्यावर धुम्मस पडलं की गोटा बाजूला उडतो. एक खिडकीच्या जाळीवर, एक माझ्या नडगीवर, एक विरुपाक्षच्या सिमेंटवर टणटण करत गेला. त्याने तो उचलून आणून दिला आणि म्हणाला, साहेब, तुमचा. असा राग आला!

खांदा गेला. हिने बाम चोळला. चोळता चोळता पुन्हा तेच, येक फोन करा की पोरीला. मी म्हटलं, बापाने फोन करायचा का लेकीने? ही म्हणाली, ज्याचं काम अडलंय त्यानं.

कोणाचं काम अडलंय? काम प्रगतीपथावर आहे.

३१ मार्च, संध्याकाळी ६

मार्चएंड. आमच्या खात्यात रस्ता कसाही असो, ३१ मार्चला पूर्ण होतोच. ही शिस्त आहे, उगाच हसायचं कारण नाही. मीही त्याच शिस्तीने काम संपवलं. परवा कच मागवला होता, म्हणजे खडीचा बारीक चुरा. तो सगळीकडे जाड पसरला, फळीने ओढून सारखा केला. खाली गोटे, भेगा, चप्पल, सगळं झाकलं गेलं. वरून बघितलं तर कुठल्याही इंजिनिअरने डोळे झाकून सही करावी.

काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्याचं मी जाहीर करतो.

ही म्हणाली, पूर्न झालं तर तुमची स्कूटर आत घ्या की. म्हटलं, घाई काय आहे, बसू दे जरा.

६ एप्रिल, रविवार

चाचणी. स्कूटरवर नाही, मोटरसायकलवरच घ्यायची म्हणून विरुपाक्षची मागितली. त्याने किल्ली दिली आणि मागोमाग खुर्चीही आणली. ही पायरीवर. शेजारची दोन-तीन माणसं गेटाशी. मी पहिल्या गिअरमध्ये आत आलो. सुरुवात उत्तम. अर्ध्यात पुढचं चाक कचात शिरलं, कचाखाली गोटा फिरला, हँडल माझ्या हातात राहिलं नाही. गाडी आडवी. मी खाली.

पडल्या पडल्याच मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं की यात माझी काही चूक नाही, जमीनच भुसभुशीत आहे, इथे कोणीही पडेल.

ही पायरीवरून म्हणाली, मग तिचीबी न्हवती.

आज एवढंच.

७ एप्रिल

पाय सुजलाय. रजा टाकली. कालचं ते वाक्य हिने जरा हळू म्हणायला हवं होतं. विरुपाक्ष ऐकत होता. आणि त्या दिवसाची परिस्थिती वेगळी होती. त्या दिवशी जुनी खडी होती. ती गोल नव्हती. म्हणजे कमी रुतायला हवं होतं. म्हणजे ती जुनी खडी मुळात माझ्या रस्त्यापेक्षा...

या विषयावर नंतर सविस्तर लिहीन.

९ एप्रिल

प्रतिक्षाला मेसेज लिहायला घेतला. लिहिला, खोडला, लिहिला, खोडला. शेवटी पाठवला तो असा: "उन्हाचं निघू नकोस." अर्ध्या तासाने उत्तर आलं. अंगठा. बापाला अंगठा! एवढं शिकवून, परीक्षांना बसवून, पुण्याच्या क्लासला ठेवून शेवटी अंगठा. हिला दाखवला. हिने माझ्या हातातून फोन घेऊन तो अंगठा कितीतरी वेळ बघितला आणि म्हणाली, आला की!

१२ एप्रिल

रस्ता उकरून पुन्हा करायला आता वेळ नाही, आणि पायाने मला उभं राहू दिलं तर ना. निदान बोलण्याची तयारी करावी. वाक्य बसवलं ते असं: दिनांक अमुक रोजी गेटानजीक घडलेल्या घटनेच्या अनुषंगाने माझ्याकडून व्यक्त झालेल्या मतावर फेरविचार करण्याची बाब विचाराधीन आहे.

आरशासमोर म्हणून बघितलं. ही दाराआड होती हे नंतर कळलं. हसली नाही. तेच जास्त लागलं.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी विहारात वंदना. गल्लीत निळे झेंडे, कोपऱ्यावर स्पीकर. हिने खीर केलेली. मी पायाला पट्टी बांधून पायरीवर बसलो, तो केवळ वारं यावं म्हणून. वाऱ्याची दिशा गेटाची होती.

दहाच्या सुमाराला आवाज आला. प्रतिक्षा. पांढरा शर्ट, हेल्मेट. गाडी गेटाबाहेर थांबवली, बंद केली. आत आली ती आधी बुटाच्या टोकाने कच उकरून बघितला. एक गोटा निघाला. बोटांत फिरवून म्हणाली, गोल आहेत पप्पा. गोल दगड एकमेकांत अडकत नाहीत, किती पण दाबा. धारेचे पाहिजेत. मी म्हणालो, मला माहीत आहे. त्या दिवसापासून आमचं हे पहिलं बोलणं.

वाक्य ओठांवर होतं. अनुषंगाने. विचाराधीन. तोंडातून निघालं, गाडी ॲव्हरेज किती देते? ती म्हणाली, देते चांगलं. संपलं.

मग मी म्हणालो, गाडी आत घे. ती म्हणाली, राहू दे, बाहेर बरी आहे. मी पुन्हा म्हणालो, आत घे. ती म्हणाली, पप्पा, रुतंल. तेव्हा मात्र माझा तोल सुटला. ओरडलो, आत घे म्हटलं ना, घर कोणाचं आहे! ही आतून धावत आली, सणासुदीचं ओरडता काय म्हणून. गल्ली थांबली. प्रतिक्षाने माझ्याकडे बघितलं, हेल्मेट आईच्या हातात दिलं आणि गाडी सुरू केली.

अर्ध्यापर्यंत आली. चाक शिरलं. गाडी कलायला लागली. मी पायरीवरून कसा उठलो आणि सुजलेल्या पायाने तिथवर कसा पोचलो ते मला सांगता येणार नाही. हँडल धरलं. एका बाजूला ती, एका बाजूला मी, मध्ये गाडी, ना उभी ना आडवी. सायलेन्सर माझ्या पोटरीला चटकला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. म्हणालो, जमीनच भिकार आहे! कोणाचीही गाडी पडेल इथे! कोणाचीही! विरुपाक्ष, त्याची बायको, झेंडा धरलेली पोरं, सगळ्यांनी ऐकलं. त्यांनी ऐकावं म्हणूनच एवढ्या मोठ्याने ओरडलो असेन. नाहीतर पोटरीमुळे.

प्रतिक्षाने पाय घट्ट रोवले. गाडीच्या वरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, पप्पा, तुम्ही सोडा आता, मी धरलीय. मी सोडलं. तिने गाडी सावरली, मागे घेतली, गेटाबाहेर नेली आणि समोर विरुपाक्षच्या सिमेंटवर लावली. साइड स्टँडवर अशी उभी राहिली की हलली नाही. तो हरामखोर लगेच म्हणतो, लावा ताई, आपलंच दार समजा.

दुपारी माझ्या पोटरीला तिने मलम लावलं. मी चिडलोच होतो, म्हणून हळू लाव म्हणालो. ती सांगत होती की हे सगळं काढावं लागेल, काळी माती हातभर उपसावी लागेल, आधी मोठे दगड रचायचे, मग बाकीचं. मी हूं हूं केलं. खीर तिने तीनदा घेतली. हिने चौथ्यांदाही वाढली.

पाच वाजता निघाली, उद्या ड्यूटी आहे म्हणून. मी लंगडत गेटापर्यंत गेलो. हेल्मेट घालता घालता म्हणाली, पप्पा, पुढच्या वेळी गाडी सरळ काकांच्याच दारात लावते. आणि गेली.

म्हणजे दोन महिने मी मरमर मेलो, खांदा घालवला, पाय घालवला, चप्पल घालवली, आणि माझ्या लेकीची गाडी लागणार त्या विरुपाक्षच्या दारात! संताप संताप झाला. गेटात उभा राहून गोटे लाथाडले. दुखऱ्या पायाने लाथाडायला नको होते.

ही माझ्यामागे येऊन उभी राहिली. म्हणाली, पुढच्या येळी म्हनली ती. ऐकलं का?

म्हटलं, ऐकलं. मी काय बहिरा आहे?